आमच्या विहीणबाईंचा कोरा डाव

आमच्या विहीणबाईंना 'नाही' हा शब्द फक्त म्हणता येतो, ऐकता येत नाही. मुलीचा बाप असल्यामुळे मी हे बरंच हातचं राखून सांगतोय. विस्कॉन्सिनमधल्या त्यांच्या गावात चीजचा कारखाना, दोन चर्च आणि विहीणबाई अशा तीनच गोष्टी ठाम उभ्या होत्या, त्यातला कारखाना गेल्या वर्षी दुसरीकडे हलला. बाई हलल्या नाहीत. जानेवारीत हाडं गोठवणारी थंडी पडली की त्या साडीच्या आत लोकरी पायजमा, साडीवर फुगीर जाकीट आणि पायांत गुडघ्यापर्यंतचे बूट असा पोशाख करून, खांद्यावर झाडू टाकून समोरच्या कर्लिंग क्लबात, म्हणजे बर्फावर दगड सरकवायच्या खेळाला, जातात. शेजारच्या माणसाने एकदा आपुलकीने विचारलं, गाडीतून सोडू का. त्या त्याला म्हणाल्या, ज्याला रस्ता ओलांडायला गाडी लागते त्याने उठावंच कशाला. तो बिचारा तेव्हापासून त्यांच्या देखत गाडी बाहेर काढत नाही.

मूळच्या त्या नागपूरच्या. लग्न होऊन इथे आल्या तेव्हा यजमान त्या चीजच्या कारखान्यात इंजिनियर होते, दिवसभर बाहेर. घरातला हीटर धड चालत नव्हता. समोरच्या क्लबात मात्र काचेआड बसायला ऊबदार खोली होती आणि कॉफी फुकट होती. बाई उबेसाठी गेल्या आणि बर्फावर रमल्या. सहा वर्षांपूर्वी यजमान गेले, तेव्हा तेराव्यानंतरच्या पहिल्याच शनिवारी त्या खेळायला उतरल्या. गावातल्या बायकांना वाटलं, बाईचं दुःख आवरलं. मला ठाऊक आहे की आवरलं नव्हतं. त्या दिवशी सगळे दगड वर्तुळाच्या पार मागच्या भिंतीवर जाऊन आपटत होते, असं त्यांनीच मला एकदा सांगितलं.

हा खेळ ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो, कारण मलाही बरीच वर्षं तो खुळचटपणाच वाटत होता. दीडशे फूट लांब बर्फाचा पट्टा. त्याच्या टोकाला रंगीत वर्तुळं. वीसेक किलोचा गुळगुळीत दगड एकाने सरकवत सोडायचा आणि दोघांनी त्याच्यापुढे जिवाच्या आकांताने बर्फ झाडत पळायचं, म्हणजे दगड लांब आणि सरळ जातो. दोन्ही बाजूंचे आठ-आठ दगड टाकून झाले की डाव संपतो. ज्यांचा दगड मध्यबिंदूला सगळ्यात जवळ, त्यांचा डाव. विहीणबाई म्हणतात, मी जन्मभर घर झाडलं, कुणी ढुंकून पाहिलं नाही. इथे झाडते तर लोक उभे राहून बघतात. त्यांच्या संघातल्या तिघी निवृत्त अमेरिकन बायकांना त्यांनी 'झाडा', 'थांबा' आणि 'सोडा' हे तीन शब्द शिकवले आहेत. आता त्या क्लबात विहीणबाई नसल्या तरी कुणी ना कुणी 'झाडा' म्हणून ओरडत असतं, आणि मराठीतला हा एकच शब्द येणारे गोरे लोक त्या गावात पन्नास तरी निघतील.

आमच्या लेकीच्या लग्नात त्यांनी मानपान मुळीच मागितला नाही. अट एकच घातली, लग्न शनिवारी नको, शनिवारी मॅच असते. मुहूर्त नेमका शनिवारचा निघाला होता. विहीणबाईंनी परस्पर गुरुजींना फोन केला आणि मुहूर्त रविवारी आला. गुरुजी नंतर मला हळूच म्हणाले, पंचांग तसं लवचिक असतं. आमच्या बायकोने हौसेने रुखवतात मोठ्या परातीत रांगोळीची वर्तुळं काढली आणि बेसनाचे लाडू दगड म्हणून मांडले. विहीणबाई त्या परातीपुढे पाच मिनिटं निश्चल उभ्या राहिल्या. आम्हाला वाटलं, भरून आलं. मग त्यांनी वाकून एक लाडू चार बोटं पुढे सरकवला आणि म्हणाल्या, हा इथे आडवा हवा, नाहीतर हातचा डाव गेला. बायको अजून तो लाडू विसरलेली नाही. विषय कुठलाही असो, ती तिथे येऊन थांबते.

तर ह्या बाई गेल्या डिसेंबरात घरातल्याच गालिच्यात पाय अडकून पडल्या आणि मनगट मोडून बसल्या. जावई आणि आमची लेक तिकडे ॲरिझोनाच्या वाळवंटात, चँडलरला असतात. तो कॉम्प्युटरच्या चिप्स बनवणाऱ्या कंपनीत, ती शाळेत. दोघांनी विहीणबाईंसाठी तळमजल्यावरची खोली रंगवून घेतली, बाथरूममध्ये धरायला दांड्या बसवल्या आणि फोनवर फोन सुरू केले, की आता पुरे झालं, घर विका आणि इकडे या, इथे बारा महिने ऊन आहे. विहीणबाई म्हणाल्या, "नागपूरच्या मे महिन्यात एकवीस वर्षं भाजले आहे मी. म्हातारपणी पुन्हा तेच भाजायला पैसे खर्चून येऊ?" झालं. दोन महिने ह्याच्यापुढे गाडी सरकेना. शेवटी लेकीने मला फोन केला. "बाबा, आई आमचं ऐकत नाहीत. तुम्ही जा. तुम्हाला त्या उलटून बोलणार नाहीत, व्याही आहात तुम्ही. प्लीज, जस्ट गेट हर टू से येस." विहिणीचा मान व्याह्याने राखायचा असतो, व्याह्याचा विहिणीने राखायचा असा कुठे नियम नाही, हे त्या अमेरिकेत वाढलेल्या पोरीला कोण सांगणार.

विहिणीकडे रिकाम्या हाताने जात नाहीत. म्हणून आमच्या शिकागोतल्या देशी बाजारात, डेव्हन ॲव्हेन्यूला, पार्किंगसाठी चार घिरट्या घातल्या, भाकरवडी, आंब्याचा रस आणि लाल भोपळा घेतला, आणि तीन तास गाडी हाकत त्यांच्या दारात उभा राहिलो. वाटेत मी भाषणाची चांगली तयारी केली होती. दार उघडून त्या म्हणाल्या, "बरं झालं आलात. उद्या पाट्या हातात द्यायला माणूस हवाच होता." माझं भाषण भोपळ्याबरोबर स्वयंपाकघरात गेलं.

भानगड अशी होती की त्या आठवड्यात त्यांच्या क्लबात चक्क व्यावसायिक खेळाडूंची स्पर्धा भरली होती. टीव्हीचे कॅमेरे, मोठा इलेक्ट्रॉनिक फलक, सगळा थाट. आणि त्या स्पर्धेत गुण मोजायची पद्धत जगावेगळी. एरवी जितके दगड जवळ, तितके गुण मिळतात. इथे डाव जिंकला की एक गुण, मग तुमचे दगड चार जवळ असोत की एक. आणि वर्तुळात कुणाचाच दगड उरला नाही, डाव कोरा गेला, तर तो गुण बुडत नाही, पुढच्या डावात जमा होतो. पुढचा जो जिंकेल तो दोन गुण घेतो. तोही कोरा गेला तर तीन. क्लबातली सगळी जुनी खोडं नाकं मुरडत होती, हा काय पोरखेळ म्हणत होती. बाजूने एकट्या विहीणबाई. त्यांनी क्लबच्या सभेत उभं राहून सांगितलं होतं म्हणे, चार पुऱ्या खाल्ल्या काय आणि एक खाल्ली काय, जेवण झालं ते झालं. आणि कोरा गेलेला डाव वाया जात नाही हे कुणाला तरी सुचलं ह्याचा तुम्हाला आनंद व्हायला हवा. पुऱ्यांचा दृष्टान्त कुणाला कळला असेल असं वाटत नाही, पण विरोध करायला कुणी उठलं नाही.

क्लबातला गुणांचा लाकडी फळा बावीस वर्षं विहीणबाईंकडे आहे. लाल ओळ, पिवळी ओळ, डावांचे आठ खिळे, आणि डाव संपला की जिंकणाऱ्याच्या ओळीत आकड्याची पाटी टांगायची. आयोजकांनी त्यांना गोड बोलून सांगितलं होतं की आता इलेक्ट्रॉनिक फलक आहे, तुमचा फळा शोभेला राहू दे. त्यावर त्यांनी फळा धुऊन पुसून, स्टूल मांडून, अंतिम सामन्याला बरोबर त्याच्या शेजारी ठाण मांडलं. शोभेची विहीण मी मुलाच्या लग्नातसुद्धा झाले नाही, म्हणाल्या. मी त्यांच्या डाव्या हाताला, मांडीवर पाट्यांचा डबा घेऊन.

"आता शिकवते तुम्हाला," त्या म्हणाल्या. "डाव संपला की मला सांगायचं, कुणाचा दगड जवळ आहे. मी परीक्षा घेणार." आयुष्यभर ऑपरेशन थिएटरात लोकांना भूल दिली, आता सत्तरीत ही परीक्षा. मी आपलं निमूटपणे सांगू लागलो. पहिला डाव लाल. 'बरोबर,' म्हणून त्यांनी पाटी लावली. दुसरा पिवळा. 'बरोबर.' तिसरा कोरा. 'शाबास.' मला खरंच खेळ कळायला लागला असं वाटून मी जरा फुललोसुद्धा. चौथ्या डावाच्या वेळी मी चहा आणायला गेलो. परत आलो तर डाव संपलेला, मोठ्या फलकावर पिवळ्यांना जमेचा धरून दोन गुण मिळालेले, आणि विहीणबाईंनी दोनची पाटी टांगली होती लाल ओळीत.

मला ती चूक स्वच्छ दिसली. मी तोंड उघडलं आणि मिटलं. विहिणीला, तेही तिच्या बावीस वर्षांच्या फळ्यासमोर, चुकलात म्हणायचं? आमच्या घराण्यात कुणी केलेलं नाही. शिवाय शोभेचा फळा, बघतंय कोण? मी चहाचा कप त्यांच्या हातात दिला आणि गप्प बसलो. पाचवा डाव लालने घेतला, मी सांगितलं, त्यांनी लावला. सहावा कोरा गेला. सातवाही कोरा गेला. आणि दोन कोरे डाव पाठोपाठ जमा करायचे म्हटल्यावर तो मोठा इलेक्ट्रॉनिक फलक गडबडला, दोनदा लुकलुकला आणि काळा झाला.

भरलेल्या क्लबाने एकदम मान वळवली. आता आकडे दाखवणारी त्या छपराखाली एकच गोष्ट उरली होती, विहीणबाईंचा फळा. निवेदकाने त्यावरून मोठ्याने वाचलं, लाल चार, पिवळे एक, शेवटचा डाव तीन गुणांचा. पिवळ्यांच्या कप्तानाने दोन्ही हात वर केले. लोक कुजबुजायला लागले. आयोजकांपैकी एक बाई लगबगीने आमच्याकडे आल्या आणि म्हणाल्या, मॅडम, काहीतरी मिस्टेक दिसतेय, चेक करता का. विहीणबाई स्टुलावरून उठल्यासुद्धा नाहीत. फळा चुकलेला नाही, त्या ठणकावून इंग्रजीत म्हणाल्या. बावीस वर्षांत चुकला नाही. तुमच्या यंत्राला दोन कोरे डाव पचले नाहीत आणि खोट माझ्यात काढताय? ती बाई दोन पावलं मागे सरकली.

मग विहीणबाईंनी माझ्याकडे न बघता, अगदी हलक्या आवाजात विचारलं, "व्याही, काय दिसतंय हो तुम्हाला?"

त्या आवाजात हुकूम नव्हता. इतक्या वर्षांत पहिल्यांदा नव्हता. आणि माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. मी शेजारी होतो तेव्हाची प्रत्येक पाटी बरोबर होती. मी चहाला गेलो तेव्हाची एकच चुकली होती. परीक्षा माझी चाललीच नव्हती. बाईंना पलीकडच्या टोकाचं दिसत नव्हतं. मी डॉक्टर, जन्मभर माणसांच्या डोळ्यांत बॅटरी मारून बाहुल्या तपासल्या, आणि शेजारी बसलेल्या बाईला दिसत नाही हे मला अख्खी दुपार कळलं नाही. मला माझी लाज वाटली. आणि लगेच हेही कळलं की आता ह्या आयोजकबाईंना नुसतं 'शी कान्ट सी' एवढं म्हटलं की माझी कामगिरी फत्ते. संध्याकाळपर्यंत बॅगा भरून होतील, लेक खूश, जावई खूश.

"विहीणबाई," मी मराठीत म्हणालो, "चौथा डाव पिवळ्यांचा होता. तुम्ही लाल ओळीत लावलाय."

"तुम्हाला कधीपासून माहीत आहे?"

"चहा घेऊन आलो तेव्हापासून."

"मग बोलला का नाहीत?"

"विहिणीची चूक काढायची कशी?"

"मान गेला चुलीत," त्या म्हणाल्या. "माझा फळा चुकवलात तुम्ही."

त्या स्टुलावर चढल्या. मोडलेलं मनगट नुकतं बरं झालेलं, तरी माझा हात त्यांनी झिडकारला. लाल ओळीतली दोनची पाटी बोटांनी चाचपून काढली, खालच्या ओळीत खिळा शोधून टांगली, आणि तिथूनच सगळ्या क्लबाकडे तोंड करून खणखणीत आवाजात सांगितलं की चौथा डाव पिवळ्यांचा, चूक माझी आहे, दुसऱ्या कुणाची नाही, आता खेळा. पंचांनी आपला कागद काढून ताडून पाहिला आणि मान डोलावली. पिवळे तीन, लाल दोन. शेवटचा तीन गुणांचा डाव लालने जिंकला आणि सामनाही. विहीणबाईंनी तीनची पाटी लावली, ती मला विचारून. ह्या वेळी 'बरोबर' म्हणाल्या नाहीत.

घरी आल्यावर त्यांनी चहा टाकला. आता मी नीट पाहत होतो. साखरेचा डबा, आलं, गाळणी, सगळीकडे हात आधी जात होता आणि नजर नंतर. मी काही विचारायच्या आत त्याच म्हणाल्या की डोळ्यांच्या पडद्याचं दुखणं आहे, दीड वर्ष झालं. कडेचं दिसतं, मधलं पुसत चाललंय. संघातली एक मैत्रीण दवाखान्यात नेते, इंजेक्शनं चालू आहेत. मुलाला सांगितलेलं नाही. मी गाडीचं विचारलं. किल्ली दिवाळीतच देवापुढे ठेवली, म्हणाल्या, "मी हट्टी आहे, मूर्ख नाही."

"मग चँडलरला जाण्यात काय वाईट आहे?" मी अखेर तोंड उघडलं. "ती दोघं जीव टाकतात तुमच्यावर."

"टाकतात, म्हणून तर भीती वाटते." त्यांनी गॅसची कळ चाचपून बंद केली. "तिथे नवीन घर, नवीन जिना, नवीन गॅस. इथलं सगळं मला पाठ आहे, दिसायची गरजच नाही. इथे मला फक्त कमी दिसतं, व्याही. तिथे गेले की मी आंधळी होईन."

ह्यावर वाटेत तयार केलेल्या भाषणात काही नव्हतं. मी एवढंच म्हणालो की मुलाला खरं सांगावं लागेल, आणि ते तुम्ही सांगायचं. त्यांनी तिथल्या तिथे फोन लावून सांगितलं. मग त्यांनी फोन माझ्याकडे दिला आणि म्हणाल्या, लेकीला सांगा, यंदाचा डाव कोरा, पुढच्या वर्षात जमा. मी शब्दशः तसं सांगितलं. लेक दोन आठवडे माझ्याशी बोलली नाही. जावई मात्र दुसऱ्याच आठवड्यात आला, गालिचे गुंडाळून माळ्यावर टाकले, जिन्याच्या पायऱ्यांच्या कडांना पिवळ्या पट्ट्या चिकटवल्या आणि आईच्या मांडीवर डोकं ठेवून रडून परत गेला.

निघताना त्यांनी मला एक अट घातली होती. दर पंधरवड्याला यायचं. मी दगड टाकणार, तुम्ही बाकावर बसून सांगायचं, कुठे थांबला. पण खरं सांगायचं. ज्या दिवशी माझं मन राखायला खोटं बोलाल त्या दिवशी मी तिकीट काढून चँडलरला जाईन. तेव्हापासून मी शनिवारी पहाटे उठून गाडी काढतो. विहिणीला तोंडावर 'वाईट टाकलात' म्हणायला मला बराच काळ लागला. आता सवय झाली आहे. तीन हात बाहेर गेला, सांगतो. अर्ध्यातच मेला, सांगतो. त्या मान तिरकी करून, डोळ्याच्या कडेने मला बघतात आणि म्हणतात, ठीक.

परवाच्या शनिवारी सराव संपता संपता त्यांनी शेवटचा दगड सोडला. बर्फावरून त्याचा घरघर आवाज लांब गेला आणि शांत झाला. "कुठे?" त्यांनी विचारलं.

"मधोमध," मी म्हणालो.

त्यांनी झाडू खांद्यावर टाकला. मग म्हणाल्या, "व्याही, तिकीट काढू का?"

"काढा हवं तर. पण दगड मधोमध आहे."

त्यांनी झाडू उलटा धरला, त्याच्या आधाराने त्या दीडशे फूट बर्फावरून निघाल्या. एकट्या, मान तिरकी, पावलं जोखत. कुणाला सोबत येऊ दिलं नाही. पलीकडे पोचून गुडघ्यांवर बसल्या, मध्यबिंदूची खूण बोटांनी शोधली आणि तिथून दगडापर्यंत हात सरकवत नेला. मी बाकावर जीव मुठीत धरून बसलो होतो. मला शपथेवर मधोमधच दिसला होता तो. त्या तितक्याच सावकाश परत आल्या आणि माझ्या शेजारी टेकल्या.

"चार बोटं डावीकडे आहे," त्या म्हणाल्या. मग माझ्या चेहऱ्याकडे तिरकी मान करून त्यांनी बराच वेळ पाहिलं, आणि त्यांचा आवाज उतरला. "खोटं नाही बोललात तुम्ही. डोळे तपासून घ्या."

घेतले तपासून. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू धरलाय. पुढच्या खेपेला जाईन तेव्हा विहीणबाईंना सांगणार आहे, खरं बोलायचं ठरलंय आमचं. लेकीला मात्र अजून सांगितलेलं नाही.